वसुलीवाला दारात आला तं घाबरायच्या आधी हे वाचा

मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची. चार एकर कोरडवाहू शेती, सोयाबीन अन् तूर. गावातल्या मायक्रोफायनान्सच्या केंद्राची मी तीन वर्ष लीडर होती, १८ बाया होतो आम्ही, दर पंधरा दिवसांनी समाजमंदिरात मीटिंग अन् हप्ता. २०२३ मध्ये सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, आमच्या भागात शेंगाच भरल्या नाहीत, अन् त्याच वर्षी माझे स्वतःचे हप्ते थकले. म्हणजे आधी दुसऱ्या बायांना "भर ना बाई" म्हणणारी मीच होती आणि नंतर माझ्याच ओट्यावर माणूस येऊन बसला. रात्री साडेआठपर्यंत बसून राहिला, घराला कुलूप लावतो म्हणाला, पोलीस आणतो म्हणाला. मी घाबरून बहिणीकडून ५,००० उसने आणले आणि त्याच्या हातात दिले. पावती नाही, कार्डावर नोंद नाही. ते ५,००० आजपर्यंत कुठंच जमा झालेले नाहीत.

त्यानंतर मी एकेक गोष्ट विचारत गेली, तालुक्याला गेली, कोर्टातल्या विधी सेवा समितीच्या (फुकट वकील देणाऱ्या) वकील मॅडमकडे चार चकरा मारल्या. तेव्हा समजलं की आम्ही बाया ज्याला भीत होतो त्यातलं अर्ध खोटं होतं, आणि ज्याच्या भरवशावर निवांत होतो तेही अर्ध खोटंच होतं. म्हणून दोन्ही बाजूचं लिहिते.

१. आधी कर्ज नेमकं कोणाचं आहे ते पाहा

आपल्याकडे सगळ्याला "लोन" म्हणतात आणि सगळ्यात मोठी गडबड इथंच होते. शेजारच्या काकूला जे लागू ते आपल्याला लागू असेलच असं नाही.

गटाचं कर्ज, म्हणजे बिनतारण, वर्षाला ३ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं, हे मायक्रोफायनान्स. याला रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासून वेगळे नियम आहेत आणि ते बायांच्या बाजूचे चांगले नियम आहेत, पुढं सांगते. बँकेचं पीक कर्ज वेगळं, त्याचा सातबाऱ्यावर बोजा असतो. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल फायनान्सवर असेल तर गाडीच तारण असते, करारात लिहिलेलं असेल तर नोटीस देऊन ते गाडी नेऊ शकतात, पण रस्त्यात चार पोरांनी अडवून चावी हिसकायची नाही, गुंड लावून वसुली करायची नाही हे सुप्रीम कोर्टानं २००७ मध्येच बँकांना सुनावलेलं आहे.

पतसंस्था आणि जिल्हा बँक यांचं मात्र नीट लक्षात ठेवा. यांना सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि मग त्यांचा वसुली अधिकारी खरोखर जप्ती करू शकतो, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्ष जावं लागत नाही. त्यामुळे पतसंस्थेकडून १०१ ची नोटीस आली तर तारखेला हजर राहा आणि हिशोब चुकला असेल तर तिथंच लेखी हरकत द्या. "काही होत नाही" म्हणून ती नोटीस दिवाणखान्यातल्या खिळ्याला लटकवलेली मी स्वतः पाहिली आहे.

सावकाराचं शेवटी वेगळं सांगते, तो विषयच वेगळा आहे.

२. कागद एका पिशवीत गोळा करा

हे काम वसुलीवाला यायच्या आधीचं. माझ्याकडे नव्हते म्हणून मी अडकली.

- लोन कार्ड (गटाच्या कर्जाचं कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत पाहिजे, आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद त्याच्यावर त्यांनी करून द्यायची असते)
- मंजुरी पत्र, कराराची प्रत. नसेल तर लेखी मागा
- खाते उतारा, म्हणजे लोन स्टेटमेंट
- बँकेचं पासबुक एन्ट्री मारून, हप्त्याच्या पावत्या, फोनपेचे स्क्रीनशॉट
- कर्जासोबत विमा काढला असेल तर त्याचं सर्टिफिकेट
- आधार, सातबारा, आठ-अ
- एक साधी वही

वही सगळ्यात महत्त्वाची. कोण आलं, किती वाजता, काय बोललं, किती पैसे दिले. पोरगी शाळेत जात असेल तर तिला लिहायला सांगा. पुढं तक्रारीच्या वेळी हीच वही कामी येते, कारण "मागच्या महिन्यात कधीतरी आले होते" असं म्हटलं की कोणी ऐकत नाही, आणि "१४ तारखेला रात्री ८.१०" म्हटलं की समोरचा सरळ बसून ऐकतो.

कार्डावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर छापलेला असतो. आम्ही १८ बायांपैकी एकीनंही तो कधी वाचला नव्हता, लीडर असून मीही नाही.

३. माणूस दारात आला की

आधी ओळखपत्र पाहा. कंपनीचं आय-कार्ड पाहिजे, आणि बाहेरचा एजंट असेल तर कंपनीचं अधिकारपत्र पण पाहिजे. आधार कार्ड दाखवलं तर त्याचा काही उपयोग नाही, तो त्या नावाचा माणूस आहे एवढंच त्यातून कळते. नाव आणि फोन नंबर वहीत लिहून घ्या. खरा असेल तो लिहू देतो.

मग वेळ. गटाच्या कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला यायचं नाही. बाकीच्या बँक-फायनान्सच्या कर्जाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा नियम आहे. माझ्याकडे साडेआठपर्यंत बसलेला माणूस नियम मोडून बसला होता आणि मी त्याला दोनदा चहा करून दिला.

जागा पण ठरलेली असते. गटाच्या कर्जाचा हप्ता दोघांनी मिळून ठरवलेल्या जागीच, म्हणजे आमच्याकडे समाजमंदिरात. तिथं तुम्ही लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आल्या नाही तरच ते घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतात. म्हणून मीटिंग टाळू नका. पैसे नसले तरी जा, "या वेळी नाही आहेत" म्हणून सांगा, आणि आल्याची नोंद करा. बाया लाजेपायी मीटिंगला जात नाहीत आणि मग माणूस घरी यायचा रस्ता आपणच मोकळा करून देतो.

शिव्या देणं, सारखे फोन करणं, नातेवाईकांना, शेजाऱ्यांना, सोबत कामाला असणाऱ्यांना त्रास देणं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकणं, किती बाकी आहे किंवा नाही भरलं तर काय होईल हे खोटं सांगणं, हे सगळं मनाई आहे. तुमच्या भासऱ्याला फोन करून "तुमच्या घरची बाई पैसे बुडवते" असं सांगणं हेही यातच आलं.

आणि रोख पैसे. पावतीशिवाय एक रुपया हातात द्यायचा नाही. कार्डावर नोंद, सही, तारीख पाहिजे. शक्य असेल तर शाखेत जाऊन भरा किंवा कंपनीच्या खात्यात टाका, माणसाच्या स्वतःच्या फोनपे नंबरवर तर अजिबात नको. "सिस्टीम बंद आहे, उद्या पावती देतो" म्हटलं तर पैसे पण उद्या.

कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. मोबाईलवर ओटीपी आला आणि तो मागितला तर आधी विचारा कशाचा आहे, जुनं फेडायला नवीन लोन चढवून द्यायचा प्रकार असाच होतो.

४. ज्याची भीती वाटते त्यातलं किती खरं

*"पोलीस पकडून नेतील."* हप्ता थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. पैसे नाहीत म्हणून पोलीस अटक करत नाहीत. खोटे कागद देऊन कर्ज घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. चेक बाऊन्स झाला तरी वेगळी: चेक परत आल्यावर ३० दिवसांच्या आत नोटीस येते, ती मिळाल्यापासून १५ दिवस भरायला असतात, नाही भरलं तर कलम १३८ ची केस होऊ शकते आणि त्यात २ वर्षापर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुप्पटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बँक खात्यातून आपोआप कटणारा हप्ता पैसे नसल्यामुळे परत गेला तरी तसाच कायदा लागू होऊ शकतो. म्हणून अशी वकिलाची नोटीस आली तर त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

*"घराला कुलूप लावू, भांडी नेऊ."* बिनतारण कर्जासाठी कंपनीचा माणूस तुमच्या घरातला चमचाही उचलू शकत नाही. त्यांना कोर्टात जावं लागते, हुकूम मिळवावा लागतो. आणि कोर्टाच्या जप्तीतूनही काही गोष्टी सुटलेल्या आहेत, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये लिहिलं आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागणारी जनावरं आणि बियाणं, शेतकरी स्वतः राहतो ते घर, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाही असा दागिना. मी हे वकील मॅडमकडून ऐकलं तेव्हा गळ्याला हात गेला माझा, कारण त्या रात्री मी मंगळसूत्र गहाण टाकायचा विचार करून राहिली होती. (घर किंवा शेत मुद्दाम तारण लिहून दिलं असेल तर ही सूट त्याला लागू होत नाही, आणि पतसंस्थेच्या जप्तीचे नियम वेगळे, ते वर आलंच.)

*"शेत सरफेसी कायद्यात जाईल."* बँका घरं, दुकानं ज्या कायद्यानं ताब्यात घेतात तो २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. शेत विकून वसुली होऊच शकत नाही असा याचा अर्थ नाही, पण या कायद्याची धमकी शेतावर चालत नाही.

*"नवरा वारला, आता सगळं बायकोनं फेडायचं."* यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या विदर्भात किती घरात ही वेळ आली हे कोणाला सांगायची गरज नाही. माणूस गेल्यावर त्याच्या वारसावर कर्जाची जबाबदारी येते ती फक्त त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेपुरती. त्याच्या नावानं काहीच नसेल तर बायकोच्या मजुरीतून, माहेरच्या दागिन्यातून मागता येत नाही. दोन अपवाद आहेत: बाई स्वतः सहकर्जदार असेल, किंवा जामीनदार म्हणून सही असेल. म्हणून तेराव्याच्या आत कोणी कागद घेऊन आलं, "वहिनी फक्त इथं अंगठा द्या, माहितीसाठी आहे" म्हणालं, तर अंगठा देऊ नका. त्या एका अंगठ्यानं जे कर्ज तुमचं नव्हतं ते तुमच्या नावावर होऊ शकते. त्याऐवजी मृत्यूचा दाखला जोडून अर्ज द्या आणि विचारा की कर्जासोबत विमा होता का. बरेचदा कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापलेले असतात आणि घरच्यांना पत्ताही नसतो. आमच्याच केंद्रातल्या एका बाईचं असं झालं, नवऱ्याचा विमा होता, क्लेम केल्यावर बाकी मिटली, पण त्याआधी तिनं चार महिने हप्ते भरले होते.

५. ज्याच्या भरवशावर राहू नये

*"कर्जमाफीत माफ होईल."* माफी पीक कर्जाची होते. २०१९ ची महात्मा जोतिराव फुले योजना पण २ लाखापर्यंतच्या पीक कर्जाचीच होती. गटाचं, गाडीचं, सोन्यावरचं कर्ज त्यात नव्हतं. कोणी पुढारी सभेत काही बोलला म्हणून हप्ते थांबवू नका.

*"तीन वर्ष काढले की कर्ज मरते."* दावा लावायची मुदत साधारण ३ वर्ष असते हे खरं आहे, पण मधात थोडेही पैसे बँकेतून भरले किंवा "मी देणं लागतो" असं लिहून दिलं की मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते. आणि सिबिलवर (म्हणजे तुम्ही कर्ज कसं फेडलं याच्या रिपोर्टवर) डाग राहतोच, पुढं पोराच्या शिक्षणाच्या कर्जाला अडते.

*"जामीनदाराला शेवटी विचारतात."* नाही. जामीनदाराला पहिल्या दिवसापासून धरता येते. भावकीत सही देताना हे माहीत असू द्या.

*लोक अदालतीची नोटीस.* ही फाडून फेकणारे बरेच, आणि वॉरंट समजून रडणारेही बरेच. ते तडजोडीचं बोलावणं आहे. जा. रक्कम परवडत नसेल तर सही करू नका, जबरदस्ती नाही. पण सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा पक्का, त्याच्यावर अपील नाही. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र गेलंच पाहिजे, नाही गेलं तर एकतर्फी निकाल लागतो.

*"एक कर्ज काढून दुसरं फेडू."* मार्च आला की नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं पीक कर्ज भरून लगेच नवं घ्यायला, सावकाराकडून शेकडा ५ नं महिन्याचे पैसे घेतात, म्हणजे वर्षाला ६० टक्के झालं. त्याच्यापेक्षा बँकेत जाऊन पुनर्गठनाचं, म्हणजे थकलेलं कर्ज नव्यानं हप्ते पाडून घ्यायचं, विचारा. गावाची पैसेवारी (सरकारनं काढलेला पिकाचा अंदाज) ५० पैशाच्या आत लागली किंवा सरकारनं दुष्काळ जाहीर केला तर पीक कर्जाची वसुली थांबवणं, कर्जाचं रूपांतर करून मुदत वाढवणं या सवलती निघतात, तलाठ्याकडे पैसेवारी विचारा.

६. पैसे नसतील तर अर्ज लिहा

तोंडी विनंतीचा काही पुरावा राहत नाही. साध्या कागदावर, मराठीत, शाखा व्यवस्थापकाच्या नावानं लिहा: कर्ज खाते नंबर, किती घेतलं, किती भरलं, का थकलं (पीक गेलं, आजारपण, जे असेल ते खरं), दर महिन्याला किती भरू शकते, मुदत वाढवून द्यावी. सोबत पीक नुकसानीचा पंचनामा किंवा दवाखान्याचे कागद. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा.

जेवढं झेपते तेवढंच लिहा. मी घाबरून महिन्याचे ३,००० लिहिले होते आणि दुसऱ्याच महिन्यात चुकली, मग परत १,२०० चा अर्ज दिला, तो मात्र निभला.

गटाच्या कर्जात उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, पूर्ण कर्जावर नाही, आणि मुदतीआधी भरलं तर दंड नाही. उताऱ्यावर हे तपासा. मला एका ठिकाणी दोनदा लावलेला दंड सापडला आणि लेखी विचारल्यावर तो निघाला.

७. तरी त्रास थांबला नाही तर

पहिली तक्रार कंपनीच्या किंवा बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, लेखी. ३० दिवस वाट पाहा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर मराठीत बोलता येते, ऑनलाइन तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर, सेतू किंवा सीएससीवाला भरून देईल. कंपनीला आधी न लिहिता सरळ लोकपालाकडे गेलं तर तक्रार परत येते, आमच्या गावात दोघांची आली.

मारायची धमकी दिली, घरात घुसले, हात लावला तर ३० दिवस थांबायचं नाही. ११२ लावा, पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ठाण्यात घेतलं नाही तर एसपी ऑफिसला स्पीड पोस्टानं.

मोबाईल ॲपचं कर्ज असेल आणि फोटो बिघडवून पाठवतो म्हणत असतील तर १९३० वर लगेच फोन, स्क्रीनशॉट डिलीट करू नका.

फुकट वकील तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे मिळतो. बायांना उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही नाही. नंबर १५१००. मला तिथं कोणी एक रुपया मागितला नाही.

८. सावकाराचं प्रकरण असेल तर

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना नसलेल्यानं व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि बिनतारणवर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था या ऑफिसला.

बहुतेकांना वाटते की सावकारानं खरेदीखत करून घेतलं म्हणजे शेत गेलं. तसं नाही. अवैध सावकारीत शेत लिहून घेतलं असेल आणि १५ वर्षाच्या आतलं प्रकरण असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, चौकशीत सावकारीचा व्यवहार सिद्ध झाला तर खरेदी रद्द करून शेत परत द्यायचा अधिकार त्यांना आहे. पुरावा काय लागतो? व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, साक्षीदार, शेत अजून तुम्हीच वाहता याचा पुरावा, खरेदीची किंमत बाजारभावापेक्षा किती कमी होती ते, आणि त्याच सावकारानं गावात अजून कोणाकोणाचं लिहून घेतलं. चार-पाच जणांनी मिळून अर्ज दिला तर वजन पडते.

९. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी

निल दाखला (काही बाकी नाही असा कागद) घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. कार्डावर "पूर्ण परतफेड" ची नोंद, दिलेले चेक परत, सातबाऱ्यावर बोजा असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन बोजा उतरवून नवीन सातबारा काढून पाहा. घर-जमिनीचे मूळ कागद ठेवले असतील तर पूर्ण फेडीनंतर ३० दिवसात परत द्यायचे असतात, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

एकरकमी तडजोड केली असेल तर पैसे भरायच्या आधी तडजोडीचं पत्र शिक्क्यासह हातात पाहिजे, रक्कम आणि तारीख लिहिलेलं. आणि सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा येतो, "क्लोज्ड" नाही, पुढच्या कर्जाला तो आडवा येतो, म्हणून थोड्याच फरकाचा प्रश्न असेल तर पूर्ण भरलेलं बरं. दोन-तीन महिन्यांनी सिबिल काढून पाहा, वर्षातून एकदा फुकट मिळते. माझ्या रिपोर्टमध्ये दाखला मिळाल्यावरही १,१४० रुपये बाकी दाखवत होते, दाखल्याची झेरॉक्स जोडून कंपनीला आणि सिबिलला दोघांनाही लिहिलं तेव्हा ते निघालं.